‘छायाचित्रासारखे’ म्हणजे कसे? : दैनंदिन जीवनाचे छायाचित्रकार आणि वास्तवाचे लेखन

१

मराठी समीक्षेत ‘छायाचित्रासारखे’ हे विशेषण दोन परस्परविरोधी अर्थांनी वापरले जाते. एखाद्या कादंबरीतील वस्तीचे चित्रण हुबेहूब उतरले आहे असे सांगायचे असले की ते ‘छायाचित्रासारखे’ ठरते. आणि लेखकाने वास्तवाची केवळ नक्कल केली, तीत निवड नाही, अर्थाची घडण नाही, असा आक्षेप घ्यायचा असला तरी ते ‘छायाचित्रासारखे’च ठरते. स्तुती आणि दोषारोप या दोहोंच्या मुळाशी समजूत मात्र एकच आहे. कॅमेरा हे यंत्र समोरचे जग जसेच्या तसे टिपून घेते. टिपणाऱ्याचे त्यात विशेष असे काही नसते, ही ती समजूत.

ही समजूत निरुपद्रवी नाही. ग्रामीण आणि दलित साहित्याच्या चर्चेत तिचे परिणाम स्पष्ट दिसतात. अनुभवाच्या अस्सलपणाचे माप या साहित्याच्या पदरात भरभरून टाकायचे आणि रचनेचे श्रेय मात्र हातचे राखून ठेवायचे, असा एक शिरस्ताच आपल्याकडे पडून गेला आहे. दया पवार यांचे ‘बलुतं’ किंवा नामदेव ढसाळ यांचा ‘गोलपिठा’ यांना ‘दाहक वास्तवाचा दस्तऐवज’ असे म्हटले जाते, तेव्हा त्या शब्दाने त्यांचा गौरव होतो की त्यांना कलाकृतींच्या पंगतीतून उठवले जाते, हा प्रश्न विचारला गेला पाहिजे. त्याचे उत्तर शोधायचे तर आधी दस्तऐवज म्हणजे काय हे पाहावे लागते. आणि दस्तऐवजाचा विचार विसाव्या शतकात सर्वांत चिकाटीने जर कोणी केला असेल तर तो रस्त्यावरच्या आणि घरातल्या साध्या जीवनाची छायाचित्रे काढणाऱ्यांनी.

प्रस्तुत निबंधात अशा काही छायाचित्रकारांकडे साहित्याच्या अभ्यासकाच्या नजरेने पाहिले आहे. विचार सुट्या छायाचित्रांचा नसून मुख्यत्वे छायाचित्रग्रंथांचा आहे. ग्रंथाला शीर्षक असते, प्रस्तावना असते, क्रम असतो, आवृत्त्या असतात, भाषांतरे असतात. म्हणजेच तो एक संहिता असतो. या संहितांनी एकमेकींकडून काय घेतले, काय नाकारले आणि त्यातून वास्तवाच्या लेखनासंबंधी आपल्याला काय शिकता येते, एवढाच येथे हेतू आहे.

२

आरंभ एका शीर्षकाच्या भाषांतरापासून करणे सोयीचे ठरेल. आँरी कार्तिए-ब्रेसाँ (१९०८–२००४) यांचा सर्वांत गाजलेला ग्रंथ १९५२ साली प्रसिद्ध झाला. त्याचे मुखपृष्ठ मातीस यांनी केले होते. फ्रेंच आवृत्तीचे शीर्षक होते ‘इमाज आ ला सोव्हेत’. त्याच वर्षी निघालेल्या अमेरिकन आवृत्तीचे शीर्षक झाले ‘द डिसाइसिव्ह मोमेंट’, म्हणजे ‘निर्णायक क्षण’. हा शब्दप्रयोग प्रस्तावनेच्या आरंभी दिलेल्या कार्दिनाल द रेत्झ यांच्या वचनातून उचललेला आहे. फ्रेंच शीर्षकातला ‘आ ला सोव्हेत’ हा वाक्प्रचार मात्र रस्त्यावरचा आहे. परवाना नसलेला फेरीवाला पदपथावर माल मांडतो, पोलिसाची चाहूल लागताच गाठोडे आवळून पळतो. त्याच्या या घाईच्या, चोरट्या व्यवहाराला फ्रेंचमध्ये ‘आ ला सोव्हेत’ म्हणतात. मुंबईच्या पदपथावर ‘गाडी आली’ अशी हाक ऐकून क्षणार्धात गुंडाळल्या जाणाऱ्या पथाऱ्या ज्याने पाहिल्या आहेत, त्याला हा अर्थ समजावून सांगावा लागणार नाही.

दोन शीर्षकांतील अंतर लक्षणीय आहे. एका शीर्षकात छायाचित्रकार हा क्षणाचा स्वामी आहे. असंख्य क्षणांतून तो नेमका एक ओळखतो आणि त्यावर निर्णयाची मोहोर उठवतो. दुसऱ्या शीर्षकात तो फेरीवाल्याच्या जातकुळीचा आहे; त्याच्याजवळ परवाना नाही, वेळ नाही, हाती लागेल ते घेऊन त्याला निघायचे आहे. इंग्रजी शीर्षकातून पुढे एक सिद्धांत तयार झाला आणि तो जगभर शिकवला गेला. फ्रेंच शीर्षकातून सिद्धांत झाला नाही, कारण त्यात दावा नव्हता, कबुली होती. भाषांतरात झालेला बदल मूळ कलाविचारालाच कसा वळण देऊ शकतो, याचे इतके स्वच्छ उदाहरण साहित्यातही क्वचित सापडेल.

या ग्रंथापलीकडे कार्तिए-ब्रेसाँ यांच्या छायाचित्रांकडे पाहिले तर ‘स्वामित्वा’ची कल्पना आणखी डळमळते. १९३२ साली पॅरिसच्या साँ-लाझार स्थानकामागे काढलेले, साचलेल्या पाण्यावरून उडी मारणाऱ्या माणसाचे छायाचित्र निर्णायक क्षणाचा आदर्श म्हणून दाखवले जाते. टाच अजून पाण्याला टेकलेली नाही. मागच्या भिंतीवरच्या जाहिरातीत एक नर्तिका नेमकी तशीच झेपावते आहे. परंतु हे चित्र कुंपणाच्या फळ्यांमधल्या फटीतून काढलेले आहे आणि कडेचा अडथळा काढून टाकण्यासाठी ते नंतर कापावे लागले. चौकट कापण्याला या छायाचित्रकाराचा तत्त्वतः विरोध होता, हे ध्यानात घेतले म्हणजे त्याचे सर्वांत प्रसिद्ध छायाचित्र त्याच्याच नियमाला अपवाद ठरते. आंद्रे लोत यांच्याकडे चित्रकलेचे शिक्षण घेतलेल्या या माणसाची भूमितीवर हुकमत होती, यात शंका नाही. पण भूमिती ही तयारी होती. क्षण दान म्हणून आला.

भारतातील अनुभवाने हीच गोष्ट अधिक गंभीरपणे सांगितली. ३० जानेवारी १९४८ रोजी कार्तिए-ब्रेसाँ गांधीजींना भेटले आणि त्यानंतर थोड्याच वेळात गांधीजींची हत्या झाली. त्या रात्री बिर्ला भवनाच्या फाटकावर उभे राहून नेहरू लोकांना ती वार्ता सांगत आहेत, असे त्यांचे एक छायाचित्र आहे. ते धूसर आहे. रेषा नेटक्या नाहीत, दिव्याचा उजेड पसरलेला आहे. ज्याला इतिहासाच्या दृष्टीने खरोखर निर्णायक म्हणावे अशा क्षणी निर्णायक क्षणाचा हा आचार्य सुबक आकृती देत नाही. तो केवळ तेथे असतो. उपस्थितीचे हे मूल्य रचनेच्या मूल्याहून निराळे आहे, आणि साहित्यात साक्षीचे म्हणून जे लेखन आपण ओळखतो त्याचा विचार करताना या भेदाचा उपयोग होतो.

३

दुसरा धडा वॉकर एव्हन्स (१९०३–१९७५) यांचा. तौलनिक साहित्याच्या अभ्यासकाला हा छायाचित्रकार विशेष जवळचा वाटावा, कारण तो साहित्याकडून छायाचित्रणाकडे आला. १९२६ साली एव्हन्स पॅरिसला गेले ते लेखक होण्यासाठी. लेखन जमले नाही. पण फ्लोबेर आणि बोदलेर त्यांच्याबरोबर परत आले. आपली पद्धत आपण फ्लोबेरकडून घेतली, असे ते पुढे सांगत असत. लेखकाने आपल्या कृतीत कोठेही दिसू नये, पण त्याची उपस्थिती सर्वत्र असावी, हा फ्लोबेरचा आग्रह. एव्हन्स यांच्या छायाचित्रांत दुकानांच्या पाट्या, लाकडी चर्च, पोस्टरे, खाटा, खुंटीला टांगलेली भांडी समोरून, सरळ, सपाट उजेडात येतात. कोन तिरपा करून भावना उत्पन्न करण्याचा प्रयत्न नाही. पाहणारा बाजूला झाला आहे असे वाटते. परंतु बाजूला होण्याची ही रीत कमावलेली आहे. ती एका कादंबरीकाराकडून घेतलेली आहे. साहित्याच्या वास्तववादाने छायाचित्रणाला घडवले, असे येथे म्हणावे लागते. ‘छायाचित्रासारखे लेखन’ या आपल्या विशेषणाची दिशाच उलटी होते.

एव्हन्स यांनी उत्तरायुष्यात एक भेद स्पष्ट केला. खुनाच्या जागी पोलिसांनी काढलेले छायाचित्र हा दस्तऐवज असतो, कारण त्याला उपयोग असतो. कलेला तसा उपयोग नसतो. म्हणून कला दस्तऐवज नव्हे, मात्र ती दस्तऐवजाची शैली स्वीकारू शकते. ‘दस्तऐवज’ आणि ‘दस्तऐवजी शैली’ हा भेद मराठी समीक्षेला आत्मसात करता आला, तर पहिल्या परिच्छेदांत उपस्थित केलेला प्रश्न बराचसा सुटतो. ‘बलुतं’मधील अलंकारविरहित, थेट बोलणारी भाषा ही रचनेचा अभाव दाखवीत नाही. रचनेने केलेली ती निवड आहे. एका निवेदकाने दुसऱ्याला आपली हकिकत सांगावी अशी योजना त्या पुस्तकाच्या आरंभीच येते, हे विसरून केवळ ‘अनुभवाची दाहकता’ मोजत बसणे म्हणजे पोलिसांचे छायाचित्र आणि एव्हन्सचे छायाचित्र एकाच फायलीत लावणे होय.

या शैलीची खरी कसोटी लागली ती ‘लेट अस नाउ प्रेझ फेमस मेन’ या १९४१ सालच्या ग्रंथात. १९३६ च्या उन्हाळ्यात ‘फॉर्च्यून’ या मासिकाने एव्हन्स आणि लेखक जेम्स एगी (१९०९–१९५५) यांना अलाबामा राज्यातील खंडकरी शेतकरी कुटुंबांवर लेख करण्यासाठी पाठवले. मासिकाने तो छापला नाही. पाच वर्षांनी ग्रंथ निघाला तेव्हा त्याच्या अवघ्या काहीशे प्रती खपल्या. १९६० साली अधिक छायाचित्रांसह दुसरी आवृत्ती निघाल्यावरच तो वाचला जाऊ लागला. या ग्रंथात छायाचित्रे सर्वांत आधी येतात, शीर्षकपृष्ठाच्याही आधी. त्यांखाली ना नाव, ना गाव, ना वर्ष. मग एगी यांचे प्रदीर्घ, अस्वस्थ, वारंवार स्वतःला अडवणारे गद्य सुरू होते. छायाचित्रे ही मजकुराची सजावट नव्हे. दोन्ही समान दर्जाची आणि परस्परांपासून स्वतंत्र आहेत, असे एगी आरंभीच बजावतात.

ग्रंथातला ताण याच स्वातंत्र्यातून येतो. एव्हन्स काहीच बोलत नाहीत आणि एगी यांना बोलणे थांबवता येत नाही. शक्य असते तर आपण लिहिलेच नसते. छायाचित्रे, कापडाचे तुकडे, कापूस, मातीची ढेकळे पुढे ठेवली असती, अशा आशयाची त्यांची कबुली सर्वश्रुत आहे. दुसऱ्याच्या दारिद्र्याकडे पाहण्याची लाज हा त्यांच्या गद्याचा विषय आहे. बिनबुलाया पाहुणा म्हणून आपण या घरात आलो, यांची कपाटे यांच्या अनुपस्थितीत उघडली, यांच्या नावांनी नव्हे तर आपण दिलेल्या टोपणनावांनी यांना जगापुढे मांडले, ही टोचणी पानोपानी जाणवते. एव्हन्स यांच्या चित्रांत या टोचणीचा मागमूस नाही. पुढे जेम्स कर्टिस यांच्यासारख्या अभ्यासकांनी एगी यांनी केलेली घरातल्या वस्तूंची नोंद छायाचित्रांशी ताडून पाहिली आणि वस्तू हलवल्या गेल्या असाव्यात, अशी शंका मांडली. शंका खरी असो वा नसो, ती उत्पन्न होऊ शकली याचे कारण शब्द आणि चित्र यांनी एकमेकांची साक्ष तपासण्याची सोय या ग्रंथाने स्वतःच करून ठेवली. वास्तवाचे लेखन किती प्रामाणिक आहे हे ठरवण्यासाठी लेखकाच्या तळमळीचा दाखला पुरेसा नसतो. त्याने आपल्याविरुद्ध साक्ष देऊ शकेल असे काही संहितेत ठेवले आहे काय, हे पाहावे लागते.

४

नाव न देण्याचे परिणाम काय होतात, याचे उदाहरण त्याच वर्षातले आहे. मार्च १९३६ मध्ये कॅलिफोर्नियातील निपोमो येथे वाटाणे खुडणाऱ्या मजुरांच्या तळावर डोरोथिया लँग यांनी एका स्त्रीची काही छायाचित्रे काढली. त्यांतील एक ‘मायग्रंट मदर’ या नावाने मंदीच्या काळाचे प्रतीक झाले. गालाला हात, दूर लागलेली नजर, दोन्ही बाजूंना पाठमोरी मुले. लँग यांनी तिचे नाव विचारले नव्हते. तसे त्यांनीच पुढे लिहून ठेवले. नाव जगाला कळले ते बेचाळीस वर्षांनी, १९७८ साली: फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्प्सन. ती चेरोकी वंशाची होती. ज्या चित्रात अमेरिकेने इतकी वर्षे कष्टाळू गोऱ्या शेतकऱ्याची पत्नी पाहिली, ती स्त्री त्या भूमीच्या मूळ रहिवाशांपैकी होती. चित्रातून आपल्याला काहीच मिळाले नाही, ही खंतही तिने बोलून दाखवली.

यावरून लँग यांना दोषी ठरवणे सोपे आहे, पण अपुरे आहे. याच लँग यांनी अर्थशास्त्रज्ञ पती पॉल टेलर यांच्या समवेत १९३९ साली ‘ॲन अमेरिकन एक्सोडस’ हा ग्रंथ केला आणि त्यात छायाचित्रांखाली विस्थापितांच्या तोंडची वाक्ये, त्यांच्याच बोलीत, छापली. तळटीप लिहिण्याचा अधिकार त्यांनी अंशतः चित्रातल्या माणसाकडे सोपवला. एकाच छायाचित्रकाराच्या कामात या दोन टोकांच्या शक्यता आढळतात. एका टोकाला व्यक्तीचे प्रतीक होते आणि तिचा आवाज जातो. दुसऱ्या टोकाला आवाज राहतो, पण तो कोणता छापायचा हे ठरवणारा संपादक राहतोच.

हा पेच छायाचित्रणापुरता नाही. मराठीत अनिल अवचट यांच्या ‘माणसं’सारख्या रिपोर्ताजात निवेदक स्वतःच्या अडाणीपणासकट, प्रश्न विचारत, चुकत वावरतो. ती केवळ लेखकाची लकब नव्हे. दुसऱ्याच्या जगण्याविषयी लिहिण्याचा अधिकार कोठून येतो, या प्रश्नाला दिलेले ते रूपात्मक उत्तर आहे. निवेदक दिसत राहतो, म्हणून वाचकाला त्याची जागा मोजता येते. एव्हन्स यांचे अदृश्य होणे आणि अवचट यांचे दृश्य राहणे या दोन्ही प्रामाणिकपणाच्याच रीती आहेत. मात्र त्यांचे धोके निरनिराळे आहेत. पहिलीत लेखक निर्वैयक्तिकतेचा आव आणू शकतो, दुसरीत स्वतःच्या सहानुभूतीच्या प्रेमात पडू शकतो.

५

रॉबर्ट फ्रँक (१९२४–२०१९) यांच्या ‘द अमेरिकन्स’मधून शिकण्यासारखी गोष्ट आहे क्रमाची. जन्माने स्विस असलेल्या फ्रँक यांना १९५५ साली गुगेनहाइम शिष्यवृत्ती मिळाली; तिच्यासाठी शिफारस करणाऱ्यांत एव्हन्स होते. जुन्या मोटारीने अमेरिका फिरून त्यांनी सुमारे २७ हजार छायाचित्रे काढली आणि ग्रंथात घेतली फक्त ८३. निवड करण्याच्या या कठोरतेपुढे ‘कॅमेरा सगळे टिपतो’ हे विधान टिकणे कठीण आहे.

त्या ८३ चित्रांची मांडणी काव्याच्या नियमाने चालते. एका पानावर कॅलिफोर्नियात दोन ताडांच्या मध्ये पांढऱ्या आच्छादनाखाली उभी मोटार. पान उलटताच ॲरिझोनाच्या हमरस्त्याकडेला अपघातात मेलेल्यांवर पांघरलेले कांबळे आणि भोवती उभी माणसे. दोन चित्रांमध्ये एकही शब्द नाही. झाकलेली मालमत्ता आणि झाकलेले मरण यांचे साम्य वाचकाच्या मनात घडते, आणि ज्या समाजात मोटार हे वैभवाचे चिन्ह आहे त्या समाजाविषयीचे विधान पूर्ण होते. प्रत्येक चित्र सुटे घेतले तर ते वृत्तान्त आहे. शेजारी ठेवले की रूपक होते. संस्कृत साहित्यशास्त्राच्या परिभाषेत बोलायचे तर येथे अर्थ वाच्य नाही, व्यंग्य आहे, आणि तो पदांत नसून संघटनेत आहे. न्यू ऑर्लिन्सच्या ट्रामच्या चित्रात तर हा क्रम एकाच चौकटीत आला आहे. पाच खिडक्या: पुढे गोरे प्रवासी, मग मुले, मागे काळा पुरुष, त्याच्यामागे काळी स्त्री. आसनव्यवस्थेचा कायदा वाक्यासारखा डावीकडून उजवीकडे वाचता येतो. हे छायाचित्र नोव्हेंबर १९५५ मधले. १ डिसेंबर रोजी माँटगोमेरी येथे रोझा पार्क्स यांनी बसमधली जागा सोडण्यास नकार दिला.

या ग्रंथाच्या आवृत्त्यांचा इतिहासही बोधप्रद आहे. १९५८ साली पॅरिसमध्ये रोबेर देल्पीर यांनी तो प्रथम काढला तेव्हा प्रत्येक चित्रासमोर अमेरिकेविषयीचे उतारे होते. आलँ बोस्के यांनी ते नाना लेखकांतून निवडले होते. वाचकाला एक समाजशास्त्रीय पाहणी हाती आल्यासारखे वाटावे, अशी ती रचना. १९५९ च्या ग्रोव्ह प्रेसच्या आवृत्तीतून उतारे गेले, समोरची पाने कोरी राहिली, आणि आरंभी जॅक केरुअक यांची प्रस्तावना आली. चित्रे तीच, क्रमही तोच. पण एक पुस्तक पुराव्याचे आणि दुसरे कवितेचे झाले. संहितेच्या अर्थात परिसराचा वाटा किती असतो हे सांगण्यासाठी याहून वेगळ्या उदाहरणाची गरज नाही. अमेरिकेतील अनेक परीक्षणकर्त्यांनी पहिल्यांदा या ग्रंथावर कडक टीका केली: चित्रे धूसर, क्षितिजे तिरकी, दृष्टी द्वेषाची. तंत्राचा दोष आणि देशाविषयीचा आकस हे दोन आरोप एकत्र येतात तेव्हा पहिल्याच्या आडून दुसरा बोलत असतो, हे ‘गोलपिठा’च्या भाषेवरील आक्षेप आठवणाऱ्या मराठी वाचकाला पटावे.

६

आतापर्यंत ‘शिकणे’ हा शब्द वारशाच्या अर्थाने आला. एव्हन्स यांनी फ्लोबेरकडून घेतले, फ्रँक यांनी एव्हन्सकडून. परंतु वारसा भूगोल ओलांडतो तेव्हा काय होते? या प्रश्नासाठी रघुबीर सिंग (१९४२–१९९९) यांचे उदाहरण घेता येते.

जयपूरमध्ये वाढलेल्या सिंग यांना शाळकरी वयात घरीच ‘ब्युटिफुल जयपूर’ हे १९४८ सालचे पुस्तक सापडले. त्यातील छायाचित्रे कार्तिए-ब्रेसाँ यांची होती. म्हणजे आपल्याच शहराकडे त्यांनी प्रथम पाहिले ते एका परदेशी माणसाच्या डोळ्यांनी. १९६६ साली कार्तिए-ब्रेसाँ पुन्हा जयपुरात आले असता सिंग यांना त्यांना काम करताना जवळून पाहता आले. प्रभावाचा इतका थेट पुरावा साहित्यात दुर्मीळ. तरीही सिंग यांनी पुढे जे केले ते गुरूला न मानवणारे होते. कार्तिए-ब्रेसाँ यांचा रंगीत छायाचित्रणावर विश्वास नव्हता. सिंग आयुष्यभर रंगातच काम करीत राहिले. ‘रिव्हर ऑफ कलर’ या १९९८ सालच्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत त्यांनी आपली भूमिका मांडली. छायाचित्रणाचा शोध भारतात लागला असता तर रंगाविषयी पाश्चात्त्यांना पडलेले सैद्धान्तिक प्रश्न पडलेच नसते, असा तिचा मथितार्थ. कृष्णधवल प्रतिमेमागे पश्चिमेची एकाकीपणाची आणि अपराधाची जाणीव आहे; भारतीय दृष्टीला ती परकी आहे, असे ते मानत.

ही भूमिका जशीच्या तशी स्वीकारता येत नाही. ‘भारतीय दृष्टी’ अशी एकसंध वस्तू कोठे सापडते? सुनील जाना (१९१८–२०१२) यांनी १९४३ च्या बंगालच्या दुष्काळाची जी छायाचित्रे काढली आणि जी मुंबईहून निघणाऱ्या कम्युनिस्ट पक्षाच्या ‘पीपल्स वॉर’मध्ये प्रसिद्ध झाली, ती कृष्णधवल आहेत म्हणून कमी भारतीय ठरत नाहीत. शिवाय ती कार्तिए-ब्रेसाँ भारतात येण्याच्या चार वर्षे आधीची आहेत. भारतीय दस्तऐवजी छायाचित्रणाचा आरंभ पाहुण्याच्या आगमनापासून मोजण्याची सवय त्यामुळे सोडावी लागते. दुष्काळाचे रंग हा काही आनंदाचा विषय नव्हे. आणि रंगाला उत्सवाशी जोडले की भुकेचे चित्रण अवघड होते, ही सिंग यांच्या भूमिकेतली खरी अडचण आहे.

मात्र समीक्षकाने भूमिका आणि कृती यांत गल्लत करू नये. कार्तिए-ब्रेसाँ यांचे १९४८ सालचे श्रीनगरचे छायाचित्र आणि सिंग यांचे १९६७ सालचे बिहारमधील मुंगेरचे छायाचित्र शेजारी ठेवून पाहावे. पहिल्यात हरिपर्वताच्या उतारावर पाठमोऱ्या उभ्या स्त्रिया. एकीचे तळवे प्रार्थनेसाठी वर उचललेले, समोर दूरवर ढग आणि डोंगर. दुसऱ्यात पावसात सापडलेल्या, एकमेकींना बिलगून उभ्या असलेल्या स्त्रिया. रचनेचे नाते उघड आहे: स्त्रियांचा समूह, निसर्गाच्या शक्तीसमोर, स्थिर. पण पहिल्या चित्रात अवकाश मोकळा आहे आणि आकृती चिरंतनाकडे तोंड करून आहेत. दुसऱ्यात अवकाश मिटून आला आहे, भिजलेली लुगडी अंगाला चिकटली आहेत, आणि प्रश्न चिरंतनाचा नाही, सर थांबेपर्यंत उभे राहण्याचा आहे. रंग येथे उत्सव करीत नाही. तो ओलेपणा सांगतो. गुरूच्या चित्रातले महात्म्य शिष्याने हवामानाच्या पातळीवर आणले. आपल्या भूमिकेपेक्षा सिंग यांची कृती अधिक शहाणी आहे.

तौलनिक साहित्याच्या परिभाषेत हा प्रभाव नव्हे, प्रतिसाद आहे. प्रभावाचा अभ्यास देणारा आणि घेणारा अशी उतरंड गृहीत धरतो; प्रतिसादाचा अभ्यास घेणाऱ्याने काय नाकारले हे विचारतो. आधुनिक भारतीय साहित्यांच्या इतिहासात पाश्चात्त्य प्रभावाची जी यादी आपण वर्षानुवर्षे वाढवीत आलो आहोत, तिला नाकारांची यादी जोडल्याशिवाय ती पूर्ण होणार नाही.

७

शेवटी एका मर्यादेकडे लक्ष वेधले पाहिजे. छायाचित्राला नकार उच्चारता येत नाही. ‘येथे पाणी नाही’ हे वाक्य लिहिता येते. रिकामा हंडा दाखवला तरी ते वाक्य चित्र स्वतःहून उच्चारत नाही. चित्राला काळही एकच: होते ते. ‘रोज’, ‘पुन्हा’, ‘अजूनही’ ही क्रियाविशेषणे त्याच्याजवळ नाहीत, आणि दैनंदिन जीवन तर मुख्यत्वे या क्रियाविशेषणांनीच बनलेले असते. छायाचित्रकारांनी क्रमाने, पुनरावृत्तीने, तळटिपेने आणि ग्रंथरूपाने ही उणीव भरून काढली. म्हणजेच ते साहित्याच्या साधनांकडे वळले.

उलट दिशेचा प्रवास अरुण कोलटकर यांच्या ‘काळा घोडा पोएम्स’ (२००४) मध्ये दिसतो. दृश्यकलेचे शिक्षण घेतलेला, जाहिरातक्षेत्रात नाव मिळवलेला हा द्वैभाषिक कवी मुंबईच्या एकाच चौकाकडे वर्षानुवर्षे पाहत राहिला. भटका कुत्रा, बटाटे सोलणारे, इडलीवाली, न्याहारीची वेळ यांतून एक अख्खे प्रजासत्ताक उभे राहते. येथे छायाचित्रकारांचा प्रभाव सिद्ध करण्याचा मोह टाळला पाहिजे. तसा पुरावा पुढे आणल्याविना ते विधान पोकळ ठरेल. साधर्म्य मात्र ठळक आहे: ठरलेली जागा, ठरलेली चौकट, तिच्यातून येणारेजाणारे लोक आणि पाहणाऱ्याचा संयम. फरकही तितकाच ठळक. न्याहारीच्या कवितेत काळा घोड्याच्या चौकातले घड्याळ जगातल्या इतर शहरांच्या वेळांना एकाच वेळी हाक मारते. कोणत्याही कॅमेऱ्याला हे साधणार नाही. कार्तिए-ब्रेसाँ आणि कोलटकर दोघेही २००४ साली, दोन महिन्यांच्या अंतराने निवर्तले. हा योगायोग आहे, त्याहून अधिक काही नाही. पण ‘आ ला सोव्हेत’ या शब्दाचा अर्थ काळा घोड्याच्या पदपथावर बसणाऱ्यांच्या कवीला सहज उमगला असता, एवढे म्हणावेसे वाटते.

मराठीत ‘छायाचित्र’ आणि ‘प्रकाशचित्र’ असे दोन शब्द आहेत. एकाच कृतीला एक शब्द सावलीचे नाव देतो, दुसरा उजेडाचे. जे दिसते ते उजेडामुळे, आणि त्याला आकार येतो तो सावलीमुळे, हे दोन्ही शब्द मिळून सांगतात. एखाद्या आत्मकथनाला किंवा कादंबरीला यापुढे ‘छायाचित्रासारखे’ म्हणायचे असेल तर जरूर म्हणावे. मात्र म्हणण्याआधी चार प्रश्न विचारावेत: चौकटीबाहेर काय ठेवले, शेजारी काय ठेवले, खालचा मजकूर कोणाच्या तोंडचा आहे, आणि चित्रातल्या माणसाचे नाव लेखकाने विचारले होते काय. या प्रश्नांची उत्तरे संहितेत सापडली तर तिला कलाकृतींच्या पंगतीत बसवण्यासाठी कोणाच्या आमंत्रणाची गरज उरत नाही.